बिनकडीचं दार

न्हाणीघरातलं गाणं मध्येच थांबलं आणि बाहेर चहा पिणाऱ्या कुलूपवाल्यानं कप खाली ठेवला.

आत त्याची मुलगी होती. सोळा वर्षांची. जिवाचं काही बरंवाईट करून घेईल म्हणून तिला मनोरुग्णालयात ठेवलं होतं. घरी येऊन आठवडा झाला होता. घरी आल्यावरचे पहिले काही आठवडेच जास्त जपायचे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून जन्मभर लोकांच्या दारांना कड्या बसवणाऱ्या या माणसानं आपल्या न्हाणीघराची कडी स्वतःच्या हातानं काढून टाकली. आता अंघोळ करायची कशी? तोडगा मुलीनंच काढला. आत असेल त्यानं गात राहायचं. गाणं चालू आहे तोवर कुणी दाराला हात लावायचा नाही.

तो दारापाशी गेला.

"बाळा?"

नुसता नळाचा आवाज. त्याचा हात दारावर गेला. ढकलावं, तर पोरीचा विश्वास जाणार. न ढकलावं, तर... पुढचं त्यानं मनात येऊच दिलं नाही.

"अगं ए! उघडू का दार?"

"बाबा, तोंडात ब्रश आहे! दात घासू की गाऊ?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. "घास, घास. तोवर मी गातो."

आणि खरंच गायला लागला. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, पोरगी आली घरी, आता शेजारी भरती व्हायचे!"

आत मुलीला हसताना ठसका लागला.

केस पुसत ती बाहेर आली नि त्याच्याशेजारी बसली.

"बाबा, काल दुपारी तो विचार परत आला होता."

"मग गं?"

"मग काय, आईला सांगितलं. लगेच. दोघींनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. तुम्हाला मीच सांगणार म्हटलं होतं, म्हणून ती गप्प."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. माझा हात धरून बसली. दूध उतू गेलं तरी उठली नाही."

कुलूपवाल्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. या मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हासुद्धा त्या बाईनं आधी दुधाखालचा गॅस बंद केला होता आणि मग त्याला हाक मारली होती.