वाल्देमारचं मत

"सुंदर," वाल्देमार म्हणाले.

ओस्वाल्दोंनी कप खाली ठेवला आणि वाल्देमारांच्या मुलीकडे, मिर्ताकडे पाहिलं. मिर्ताने नजर खिडकीबाहेर वळवली.

नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट ओस्वाल्दोंनी मुद्दाम रंगवून सांगितली होती. शेवटी नायक जागा होतो आणि सगळं स्वप्नच निघतं! असल्या शेवटाचं नुसतं नाव काढलं तरी पूर्वी वाल्देमारांनी पावाचा तुकडा फेकून मारला असता. आज ते मान हलवून म्हणाले, "छान सुचलंय त्याला."

मोन्तेविदेओ शहरातल्या या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात वाल्देमार, ओस्वाल्दो आणि एल्बिया ही तिघं म्हातारी माणसं दर शनिवारी दुपारी जमत. कुणी काय पाहिलं, काय वाचलं, यावर तावातावाने भांडत. वाल्देमारांनी आयुष्यभर सिनेमाच्या फिती भाड्याने देण्याचं दुकान चालवलं होतं. गिऱ्हाइकाच्या हातात फीत देता देता ते बजावत, "नेऊ नका, टुकार आहे." पुतणीच्या लग्नाचं चित्रण पाहूनही ते तिच्या तोंडावर म्हणाले होते, "मधलं सगळं कापा. पाद्री फार लांबण लावतोय."

हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र त्यांना सगळंच सुंदर वाटत होतं. दवाखान्यातलं अळणी सूप सुंदर, शेजारणीची रडकी मालिका सुंदर. तपासण्या उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणत होते. पण आपण दवाखान्यातून भलत्याच कुणाला तरी घरी आणलंय, असं मिर्ताला रोज वाटे. म्हणून ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच ती त्यांना हाताला धरून इथे घेऊन आली होती.

आता एल्बियांनी सूत्रं हातात घेतली. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर या बाई व्हिडिओ गेमच्या नादी लागल्या होत्या.

"मी सध्या दीपगृह सांभाळते," त्या म्हणाल्या. "जहाज दिसलं की दिवा लावायचा. असली मजा येते म्हणून सांगू! काल एक बुडवलं मी."

"सुंदर."

"अरे, बुडवलं म्हणतेय मी!"

"तरीपण," वाल्देमार हसले. "सुंदर."

ओस्वाल्दो उगाच काखेतल्या गरम पाण्याच्या थर्मासचं झाकण उघडझाप करत बसले. एल्बियांनी मग पिशवीतून एक पातळसं चित्रकथेचं पुस्तक काढलं आणि वाल्देमारांच्या पुढ्यात सरकवलं.

"रविवारच्या बाजारात मिळालं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. आता तू वाच. इथेच, आमच्यासमोर."

वाल्देमारांनी चष्मा लावला. गोष्ट साधीच होती. एका एकट्या माणसाचा कुत्रा हरवतो आणि तो गावभर त्याला शोधत फिरतो. वाल्देमार पानं उलटत गेले. एका पानावर थांबले. पुढे गेले, परत त्याच पानावर आले. मिर्ताने डोकावून पाहिलं. रिकामं स्वयंपाकघर आणि जमिनीवर पाण्याचं भांडं, एवढंच होतं त्यावर.

मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे?"

"काय झालं?" एल्बियांनी विचारलं.

"कुत्रा परत आला. दारात उभा आहे. झालं ना! मग वर हे कशाला लिहिलंय, 'प्रेम नेहमी घरी परत येतं'? चित्रात दिसत नाही का? आम्ही आंधळे आहोत का?"

"तेच वाक्य वाचून तर मी रडले!"

"मग चुकीच्या जागी रडलीस! रडायचं ते इथे." त्यांनी भराभर पानं मागे उलटून त्या स्वयंपाकघरावर बोट आपटलं. "हे बघ. पाण्याचं भांडं भरलेलं आहे. कुत्रा नाही, तरी हा रोज पाणी बदलतोय. एक शब्द लिहिला नाही पठ्ठ्याने! असं पान मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. आणि ज्याने हे काढलं, त्यानेच शेवटी माती खावी?"

"आणि माझा सिनेमा?" ओस्वाल्दोंनी हळूच विचारलं.

"तो? तो लिहिणाऱ्याला समुद्रात बुडवा!"

"मघाशी तर सुंदर म्हणालास, लबाडा!"

वाल्देमारांनी चष्मा काढला. क्षणभर ते ओशाळले.

"मरता मरता वाचलेल्या माणसाने कुरकुर करू नये, असं वाटलं मला," ते म्हणाले. "जे मिळालं ते गोड मानावं. पण किती दिवस माणसाने तोंड दाबून बसायचं?"

"बस की मग आणखी थोडे दिवस," एल्बिया म्हणाल्या. "आणि ते शेवटचं वाक्य चांगलंच आहे."

"टुकार आहे!"

"दगड आहेस तू!"

ओस्वाल्दोही खुर्ची पुढे ओढून भांडणात उतरले. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मिर्ता उठून दारापाशी गेली. तिने साल्तो गावातल्या बहिणीला फोन लावला.

"काय गं? बाबा बरे आहेत ना?" बहिणीचा आवाज घाबरा झाला होता.

मिर्ताने फोन नुसता त्या टेबलाच्या दिशेने धरला. आतून बाबांचा आवाज येत होता, पूर्वीसारखाच, खणखणीत.

तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"कुणावर ओरडतायत एवढे?" बहिणीने विचारलं.

"एका कुत्र्यावर."



"ओरडू दे," बहीण म्हणाली. "फोन ठेवू नकोस."