पायाखालचा निखारा

"वाच," तात्याराव म्हणाले. "माझ्या मायचं काय लिव्हलंय तेवढं वाच. बाकीचं ऱ्हाऊ दे."

दिनकरराव मास्तरांनी उगीच चष्मा पुसायला घेतला. बाप बाजेवर पडलेला, पुढ्यात आजोबांच्या रोजनिश्या. आजोबा किशनराव निजामाच्या राज्यात गावचे पाटील. रोज दोन ओळी लिहायचे, त्याही मोडीत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सगळं एका दोरीत ओवलेलं. "शब्द कुठं तोडायचा ते कळलं की मोडी आलीच म्हणायची," असं मास्तर ऐटीत सांगायचे. अर्ध्या सोनपेठला त्यांनी ते ऐकवलं होतं.

त्या रोजनिश्यांतून त्यांनी एक कादंबरीही काढली होती. रक्त पिणारी पाटलीण! औरंगाबादच्या प्रकाशकाला बेहद्द आवडली. ही पाटलीण म्हणजे मास्तरांची सख्खी आजी सगुणाबाई, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याविषयी कुणी बोलत नसे.

"आबा, कशाला जिवाला लावून घ्यायलात?"

"मी काय, पिकलं पान. पर जायच्या आदी येक कळू दे. माय मानूस व्हती का न्हवती?"

म्हातारा आढ्याकडे बघत बोलायला लागला.

"गोठ्यामागल्या खोलीत तिला कोंडलेलं आसायचं. पोरं म्हनायची, तुझी माय हडळ हाय. म्हनलं, बगावं. ती दाराशी आली तवा चुलीतला निखारा हळूच तिच्या पायाखाली सारला. चर्र झालं. कातडं जळाल्याचा वास सुटला. पर ती वरडली न्हाई, पाय बी उचलला न्हाई. नुसती माझ्याकडं बगून हासली."

"आबा..."

"मी जे पळालो ते पुन्हा तिकडं गेलोच न्हाई. ती दारामागून तात्या, तात्या करायची, घोगऱ्या आवाजात. मी कानात बोटं घालायचो." त्यांनी मान मास्तरांकडे वळवली. "मानूस आसंल तर म्या लय मोठं पाप केलं. नसंल तर मला मायच न्हवती. काय खरं ते ऐकून जाऊ दे मला."

बापाने जन्मात त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. पण मास्तर पडले सरळमार्गी. लिहिलंय ते लिहिलंय. त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं.

"त्या काळी नवरे बायकोचं नाव घेत नव्हते, आबा. आजोबा नुसतं 'घरात' लिहितात. घरात म्हणजे आजी."

"हां. फुडं."

"'घरात हातांचे पंजे जाहले.'" त्यांनी पान उलटलं. "'घरात डोळा मिटत नाही. झोपेतही उघडाच.'"

दाराशी धान्य निवडत बसलेली कस्तुराबाई, मास्तरांची बायको, सूप खाली ठेवून आत बघायला लागली. तिने नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. मास्तरांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"फुडं," तात्याराव म्हणाले.

"'घरात रक्त पिती. मुलास जवळ जाऊ देऊ नये. बाहेर वाच्यता नको.'" मास्तरांनी भराभर पानं चाळली. "आणि मग शेवटचं. 'घरात मयत. जाळिले नाही. मळ्यात पुरिले.'"

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"बाबानं सोता लिव्हलंय?"

"स्वतःच्या हातानं."

"म्हंजी मला मायच न्हवती," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

चुलीपाशी आल्यावर कस्तुराबाईने नवऱ्याला धारेवर धरलं. "जरा खोटं बोलला असता तर काय जीभ झडली असती का तुमची? मेल्या मानसाचं खरं घिऊन काय चाटायचंय?"

"त्यांनीच विचारलं गं."

"त्येनी माय मागितली व्हती. तुमी कादंबरी वाचून दावली."

त्या दिवसापासून तात्यारावांनी ताट परत पाठवायला सुरुवात केली. पेज पाजायला गेलं की ओठ मिटून घ्यायचे. आठवडा काही निघाला नाही. म्हातारा तसाच, भिंतीकडे तोंड करून गेला.

ते दिवस नामांतराच्या बंदचे. एसट्या जागच्या जागी उभ्या होत्या, म्हणून पिंगळीची दगडाबाई थेट राख सावडायच्या दिवशी येऊन पोचली, तीही कुणाच्या तरी बैलगाडीतून. पार वाकलेली, नजर गेलेली म्हातारी. या घरात तिला कुणीच ओळखेना.

"मी सगुणाची धाकली भन," तिने सांगितलं. "अक्का गेली तवा भाऊजींनी आमाला तोंड बी बघू दिलं न्हाई. बोभाटा हुईल म्हनले. तवापासून येनंजानं तुटलं."

मास्तरांनी तिला हाताला धरून आत नेलं. बाज होती तिथे आता दिवा तेवत होता. दगडाबाईने चाचपडत दिव्याभोवतीची जमीन हाताने गोंजारली, आणि बायका मेलेल्या माणसाला हाक घालून रडतात तसा तिने सूर काढला. कस्तुराबाई पदर तोंडाला लावून तिच्याजवळ बसली.

"तात्या रं, माझ्या सोन्या! जा रं आता तुझ्या मायपाशी! लय जीव व्हता रं तिचा तुझ्यावर! तू दिसला की जग इसरायची रं ती! पर मांडीवर कसं घ्यावं रं तुला तिनं? हातापायाला सुद न्हवती रं, इस्तू ठिवला तरी कळंना! समदी बोटं झडली रं माझ्या अक्काची, रक्तपितीनं!"