ड्रोनची पोच

‘आपल्या आवारात तोडावे लागेल असे एकही झाड नाही. हरकत असल्यास कळवा,’ असं आमच्या पुनर्विकासाच्या बिल्डरचं पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. उत्तराचे चार खर्डे मी फाडले. माझं कोण ऐकणार?

काल त्यांचाच सर्वेअर मुलुंडला आमच्या दारात आला. “काका, आमचा ड्रोन पडला तुमच्याकडे. एवढं जंगल कशाला वाढवलंय?”

आंबे काढायच्या झेल्याने मी ड्रोन अलगद उतरवला. “पोच द्या.”

“याची पण पोच?” तो हसला. “काय लिहू?”

“कुठून मिळाला, ते.”

त्याने लिहिलं, ‘आवारातल्या मोठ्या आंब्यावरून ड्रोन मिळाला.’ खाली सही, हुद्दा.

आज त्या पोचेची झेरॉक्स बिल्डरला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. सोबत एकच ओळ: ‘हरकत आहे.’