लाईन मिळेना

"लाईन मिळत नाहीये," तरुण डॉक्टर सुई बाजूला ठेवत म्हणाला.

खाटेवरच्या म्हाताऱ्याने तापातच डोळे किलकिले केले. "ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज बघा आधी. बहुतेक तिथेच गोची आहे."

बायकोने कपाळाला हात लावला. उभा जन्म वीजखात्यात लाईनमन म्हणून काढलेला माणूस. लाईन म्हटली की त्याच्या डोक्यात आधी तारच यायची. इथे ती शिरेत घालायची होती. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं होतं, शिरा चपट्या होऊन आत दडल्या होत्या. दोन्ही हातांची चाळण झाली, तरी सलाईन काही लागेना. शेवटची सुई टोचली तसा लाईनमनने हात ओढून पोटाशी घट्ट धरला.

"बस्स! आता कुणी हात लावायचा नाही."

"काका, उशीर झाला तर किडनीवर बेतेल," डॉक्टर काकुळतीला आला. मग नर्सकडे वळला. "तान्ह्या मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरना बोलवा. बाळांच्या बारीक शिराही त्यांना सापडतात, त्यांच्याशिवाय हे व्हायचं नाही."

त्या सिस्टर म्हणजे लाईनमनची मुलगीच. एका बाळापाशी अडकली होती, म्हणून अजून खाली आली नव्हती.

लाईनमनने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला खात्याच्या ऑफिसात चिकटवायचं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. वर पंखा, पुढ्यात टेबल, संध्याकाळी घरी. ती मात्र नर्सिंगला गेली. "ही लाईन आपली नाही," तो तेव्हा गरजला होता. "रक्त पाहून चक्कर येणारी पोर तू!" तेव्हापासून तिच्या नोकरीबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. आलीस का, जेवलीस का, एवढ्यावर बापलेकीचं बोलणं उरकायचं.

ती आली. डॉक्टर चटकन उठला आणि आपलं स्टूल त्याने तिच्याकडे सरकवलं. लाईनमनने ते तिरक्या डोळ्याने पाहिलं.

तिने सुईचं नाव काढलं नाही. बापाचा हात हळूच सोडवून मांडीवर घेतला, गरम फडक्यात गुंडाळला.

"बाबा, आईला तुम्ही पहिल्यांदा कुठून पाहिलंत?"

"अगं, ही काय वेळ आहे?" आई दचकली.

"खांबावरून," लाईनमन भिंतीकडे बघतच म्हणाला. मग मान वळवली. "वादळ होऊन गेलेलं. सगळी गल्ली अंधारात. मी पट्टा बांधून वर तार जोडतोय, तर समोरच्या खिडकीत ही! हातात झाडू, आणि ओरडतेय, 'कालपासून लाईट नाही, खातं झोपलंय का?' मी म्हटलं, बाई, खातं तुमच्यासमोर लटकलंय!"

"आणि लाईट आली तरी हे खाली उतरेनात," आईला हसू आवरेना. "पुढे सारखा आमच्याच खांबावर बिघाड. गल्ली विचारायची, हा लाईन जोडायला येतो की लाईन मारायला?"

"दोन्हीला!" लाईनमन खुलला. ओठ कोरडे पडले होते, पण गाडी थांबेना. साहेबाने कसं झापलं. सासऱ्याने एक दिवस खालून शिडीच कशी पळवली. "भर उन्हात खांबाला मिठी मारून बसलो होतो. शेवटी हिनेच ती शिडी ओढत आणली, बापाच्या डोळ्यांदेखत. तिथेच ठरवलं, करायचं तर हिच्याशीच."

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसून ऐकत होता. डॉक्टरही जागचा हलला नव्हता.

गोष्ट संपली, तसं लाईनमनला आपण कुठे आहोत ते आठवलं. त्याने मुलीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. असं पाहून त्याला कित्येक वर्षं झाली होती. मग त्याने डोळे मिटले, दात आवळले.

"हं. घाल तुझी लाईन. दुसऱ्या कुणाला नाही देणार मी हात."

"घालून झाली, बाबा," पट्टी चिकटवत ती म्हणाली. "तुम्ही खांबावर होतात ना, तेव्हाच."