आठवण म्हणून

वेल्समधल्या जुन्या लँडरोव्हरवाल्यांच्या क्लबचा रिवाजच होता. सभासद वारला, की पुढच्या सफरीत त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे. ग्विलिम तेच सांगायला एमरिसच्या बायकोकडे आला.

"नेरिस, रविवारी एमरिसची गाडी पुढे काढायची. तू बसायचंस तिच्यात."

नेरिसने गॅरेज उघडलं. आत गाडीचा नुसता सांगाडा उरला होता.

"क्लबातले मातीला आले त्याच दिवशी ह्यूने दिवे नेले, ग्लिनने गिअरबॉक्स. आठवण म्हणून."

"आठवण कसली डोंबलाची! हे भाग आता कुठे मिळत नाहीत ना!" ग्विलिम उसळला. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लेकाचे!"

"असू दे. मी तुझ्या गाडीत बसेन," नेरिस म्हणाली. "एमरिसची सीट तिच्यातच आहे ना?"