बोटं दिसायला हवीत
दुकानात शिरल्यापासून दादाच बोलत होता. "बहिणीसाठी टॅब हवाय. स्वस्तातला द्या. बहिरी आहे, हिला काय कळणार स्क्रीनबिनमधलं!" मूकबधिरांच्या शाळेत शिकवणाऱ्या बहिणीने त्याचे ओठ वाचले आणि तोंड फिरवलं. समोर ठेवलेल्या टॅबवरून तिने मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. मैत्रीण हातांनी बोलू लागली, पण धुरकट पडद्यावर तिची बोटंच ओळखू येईनात. बहिणीने शेजारचा मोठा उचलला आणि विक्रेत्याला कागदावर लिहून दिलं, "यातलाच, दुप्पट स्टोरेजचा. मुलांचे धडे ठेवायचेत." दादा हसला. "हिचे कसले आलेत धडे!" तिने त्या मोठ्या टॅबवरून पुन्हा कॉल लावला. एकेक बोट लख्ख दिसलं. "मागे कोण उभंय?" मैत्रिणीने खुणेने विचारलं. बहिणीने खांदे उडवून खूण केली, "पिशव्या उचलायला आणलाय." जन्मात तिची एकही खूण न शिकलेल्या दादाने खुशीत मैत्रिणीला हात केला.