जवाचं पाणी

"दारू नको, बिअर द्या," आशाबाई म्हणाली आणि पदर नाकापर्यंत ओढला.

औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानदारानं तिच्याकडं नीट पाहिलं. "मावशी, बिअर बी दारूच असते."

"असती तर तिनं मुतखडा पडला असता का? माझ्या भावानं वीस वर्षं दारू पिली. त्याचं लिव्हर पडलं, खडा नाय पडला. हे जवाचं पाणी हाय. जव आम्ही घटाला पेरतो."

"थंड देऊ?"

"साधी द्या. थंडीनं खडा आवळून येतो."

दुकानदार हसला नाही, पण त्याला फार कष्ट पडले. सहा बाटल्या पिशवीत गेल्या, वर मेथीच्या दोन जुड्या आल्या. घराजवळ, हर्सूलला, दुकान होतं. पण तिथं आशाबाईला कुत्रीसुद्धा ओळखत होती. म्हणून ती रिक्षानं एवढ्या लांब आली होती.

इलाज सांगितला शेजारच्या रत्नमालानं. "आमच्याकडं खडा निघालाय, आठ एमेमचा," एवढंच आशाबाई बोलली होती. रत्नमालानं लगेच हात वर केला. "तात्यांना रोज एक बिअर द्या. उपाशीपोटी, उभ्यानं. आमच्या दिराचा चौथ्या दिवशी टणकन पडला." आशाबाई बघू म्हणाली. आपल्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायची तिला सवय नव्हती. दवाखान्यात नवराबायको दोघंच गेले होते. फाईल आली ती कपाटात गेली आणि किल्ली तिच्या कमरेला.

सून मोनिकाला तर काही कळायलाच नको होतं. तीन वर्षांपूर्वी मोनिकानं केस धुवायला बिअरचा डबा आणला होता. केस चमकतात म्हणे. आशाबाईनं तो डबा गटारीत ओतला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाईच्या हातात बाटली आली की घरातला देव उठून जातो." मोनिका महिनाभर सोयगावला माहेरी राहिली. परत आली ती कामापुरतं बोलायला लागली.

पहिल्या दिवशी मोनिका कामावर गेल्यावर आशाबाईनं दार लावलं. बाटली पातेल्यात ओतली, कोमट केली. वर फेस आला. ती मळी समजून तिनं चमच्यानं काढून टाकली, जशी डाळीवरची काढतात. मग जिऱ्याची पूड टाकली आणि सगळं तांब्यात गाळलं.

तात्यासाहेबांनी उपरणं नाकाला लावलं. "आशे, हे बरं नाय. बावीस वर्षं माळ हाय गळ्यात. सोमवारी सप्ताह बसतोय. घरात हा वास..."

"नाक दाबा आन् गप बसा. औषधाला पाप नसतं."

"डॉक्टरनं पाणी प्यायला सांगितलंय."

"पाण्यानं खडा पडला असता तर नदीत एक गोटा राहिला नसता."

थोड्या वेळानं तांब्या रिकामा मोरीत गेला आणि राखेनं दोनदा घासला गेला.

असे चार दिवस गेले. रविवारी सकाळी घंटागाडी आली. आशाबाईनं चार बाटल्या पेपरात गुंडाळून भाजीच्या कचऱ्याखाली घातल्या होत्या. गाडीवरच्या सुकेशनीनं बादली उलटी केली आणि बाटल्या रस्त्यावर घरंगळल्या.

"काच वेगळी देत जा, मावशी. हात कापतो आमचा."

रत्नमाला दारात होती. समोरच्या दोन खिडक्या उघड्या होत्या.

"मालकांचं औषध हाय ते," आशाबाई म्हणाली.

तात्यासाहेब मागं ओसरीवर दात घासत होते. त्यांनी चूळ भरली आणि आत गेले.

गल्लीतली बातमी देवळात पोचायला दुपार पुरली. संध्याकाळी सप्ताहाची बैठक होती. वीणा धरायचा पहिला पहारा तात्यासाहेबांचा. बावीस वर्षांत तो मान दुसऱ्याकडं गेला नव्हता.

सप्ताहाचे प्रमुख सोनाजी त्यांच्यासमोर बसले. "तात्या, लोक बोलायलेत. बिअर पितोस म्हणं."

"औषध म्हणून घेतात, भाऊ," रत्नमाला बायकांतून म्हणाली. "खड्यासाठी."

"औषध आसंल. पण माळकऱ्याच्या ओठाला लागली, तर त्याच्या हातात वीणा कशी द्यायची? तात्या, तू नुसतं नाय म्हण. तुझ्या शब्दावर इषय संपला."

तात्यासाहेबांनी एकदाच बायकांच्या बाजूला पाहिलं. आशाबाई सतरंजीचा दोरा उकलत होती.

"सासूबाई, बोला की," मोनिका हळूच म्हणाली. "मामंजींना तुम्हीच दिली असंल ना? तसं सांगा. सगळा दोष त्यांच्यावर कशाला?"

"गप बस."

"पिलो," तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी गळ्यातली माळ स्वतःच्या हातानं काढली, देवापुढं ठेवली आणि चप्पल शोधत बाहेर पडले. सोनाजींनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर आशाबाईला बरं वाटलं असतं.

घरी जाताना ती चार पावलं मागं राहिली. जन्मात पहिल्यांदाच. गल्लीतल्या एकाही दाराकडं तिनं मान वर करून पाहिलं नाही.

मोनिका अजून देवळातच होती. तात्यासाहेबांनी आतून कडी घातली, कणगीमागची बाटली काढली, बूच उडवलं आणि ती तशीच, न गाळता, आशाबाईच्या हातात दिली.

"पी," ते म्हणाले. "तुझा खडा तरी पडू दे."